जन्माला यायलाच तिसरा खंड उजाडला : लॉरेन्स स्टर्न आणि कादंबरीतली घड्याळं

मंडळाच्या गेल्या बैठकीत कादंबरीतल्या काळावर चर्चा झाली, ती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सुरुवात, मध्य, शेवट असं सरळ न जाता मध्येच थांबणाऱ्या, मागे वळणाऱ्या, आणि मी गोष्ट कशी सांगतोय हेच वाचकाला सांगत बसणाऱ्या कादंबऱ्या हा विषय होता. वर्गातल्या एका मित्राने ठासून सांगितलं, की हे सगळे डोक्याचे खेळ आहेत; ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं तो सांगण्याच्या पद्धतीवर बोलत बसतो. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नव्हतं, पण तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. नेहमीप्रमाणे घरी गेल्यावर, रात्री भांडी घासताना सुचलं. हा लेख म्हणजे ते उशिरा आलेलं उत्तर.

माझं उत्तर म्हणजे एका माणसाचं आयुष्य. लॉरेन्स स्टर्न, अठराव्या शतकातला, इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या खेड्यात राहणारा अँग्लिकन धर्मगुरू. इंग्लिशच्या पेपरात त्याचं नाव एका ओळीत येतं आणि जातं. त्याची ट्रिस्ट्रम शँडी ही नऊ खंडांची कादंबरी मुलं सहसा गाइडमधून उरकतात. मीही उरकली असती. पण पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतर मला टीबी झाला आणि कॉलेजचं एक अख्खं वर्ष गेलं. सहा महिन्यांचा कोर्स. रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या, नारिंगी लघवी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मम्मीची एकेक फुली. एम.ए. करून गेलेल्या आत्येबहिणीची पुस्तकं माडीवर पडून होती, त्यात हा जाडजूड ठोकळा सापडला. पहिल्या वाचनात निम्मं कळलं नाही. पण लिहिणारा माणूस दिवस मोजतोय, एवढं मात्र कळलं, कारण तेव्हा मीही तेच करत होते.

स्टर्नचा जन्म २४ नोव्हेंबर १७१३ चा, आयर्लंडमधल्या क्लॉनमेल गावचा. वडील रॉजर स्टर्न इंग्लिश पायदळात अगदी खालच्या हुद्द्यावरचे अधिकारी. पणजोबा एके काळी यॉर्कचे आर्चबिशप होते, पण त्या वैभवातलं या घरापर्यंत काही पोचलं नव्हतं. पलटण हलली की बायको, पोरं, बोचकी घेऊन मागोमाग निघायचं. एका गावी मूल जन्मायचं, दुसऱ्या गावी पुरायचं. लॉरेन्सची अनेक भावंडं अशी वाटेतच गेली. वडिलांचं जिब्राल्टरला एका हंसावरून भांडण झालं, द्वंद्व झालं, तलवार अंगातून आरपार गेली. त्यातून ते वाचले, पण १७३१ साली जमैकात तापाने गेले. लॉरेन्स तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि यॉर्कशायरमध्ये शाळेत शिकत होता. बराकीतली ही सगळी माणसं पुढे त्याच्या कादंबरीत आली. नामूरच्या वेढ्यात जखमी झालेले, अंगणात मातीचे किल्ले बांधून लढाया खेळणारे आणि माशीलाही न मारणारे अंकल टोबी हे त्यातले सगळ्यांचे लाडके.

नातेवाइकांच्या मदतीने तो केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेला. गरीब विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सवलतीच्या जागेवर, १७३३ साली. तिथे असताना एका रात्री जाग आली तर अंथरूण रक्ताने भरलेलं. फुप्फुसातली रक्तवाहिनी फुटली होती. क्षयाची ती पहिली खूण. जंतूचा शोध रॉबर्ट कॉखने १८८२ साली लावला, औषधं तर विसाव्या शतकात मधोमध आली. म्हणजे स्टर्नपुढे ना कोर्स होता, ना कॅलेंडरवर फुली मारत पोचायची शेवटची तारीख. कधी बरं वाटायचं, कधी रक्त पडायचं. पुढची जवळपास तीस वर्षं त्याने या पाहुण्यासोबत काढली.

१७३८ मध्ये त्याला पूर्ण दीक्षा मिळाली आणि सटन-ऑन-द-फॉरेस्ट या खेड्याचं चर्च वाट्याला आलं. १७४१ मध्ये एलिझाबेथ लम्लीशी लग्न झालं. पहिली मुलगी लगेच गेली. १७४७ मध्ये झालेली लिडिया तेवढी जगली. वीस वर्षं तो तिथे प्रवचनं देत, थोडीफार शेती करत, फिडल वाजवत, चित्रं काढत राहिला. एका जुन्या मित्राच्या वाड्यातल्या ग्रंथसंग्रहात बसून राबले आणि सर्व्हान्टिस वाचत राहिला. यॉर्कच्या चर्चमधलं राजकारण मोठं होतं. त्याचा काकाच त्यात बडा माणूस, आणि त्याच्याशी बिनसल्यामुळे बढतीच्या वाटा अडल्या. १७५९ च्या सुरुवातीला स्टर्नने चर्चच्या कोर्टातल्या पदांच्या भांडणावर एक खुसखुशीत पुस्तिका लिहिली. वरिष्ठांना ती इतकी झोंबली की छापलेल्या प्रती जाळायला लावल्या, थोड्याच वाचल्या. आता चर्चमध्ये आपलं पुढे काही होणार नाही हे कळलेल्या, पंचेचाळिशीतल्या, छातीने अधू असलेल्या माणसाने त्याच वर्षी कादंबरी लिहायला घेतली.

ट्रिस्ट्रम स्वतःची जन्मकथा सांगायला बसतो आणि त्याला जन्मापर्यंत पोचताच येत नाही. गोष्ट सुरू होते ती जन्माच्या कित्येक महिने आधी, आईबापांच्या शेजघरात. बाप मोठा शिस्तीचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री जिन्यातल्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायची आणि घरातली बाकीची कर्तव्यंही त्याच रात्री उरकायची, असा त्याचा नेम. नेमक्या नको त्या क्षणी आई त्या घड्याळाची चौकशी करते, बापाचं लक्ष उडतं, आणि ट्रिस्ट्रमच्या मते त्याच्या साऱ्या दुर्दैवाला तिथून सुरुवात होते. मग सुईण कोण, तिला ते काम कुणी मिळवून दिलं, टोबी जखमी कुठे झाले, असं पाल्हाळ लागतं. तिसरा खंड उजाडतो तेव्हा कुठे स्वारी जन्माला येते, तीही नाक चेपून. त्याच खंडात, इतकी पानं झाल्यावर, लेखकाला प्रस्तावना लिहायची आठवण होते. अंकल टोबी पाइपमधली राख झटकत एक वाक्य बोलायला तोंड उघडतात आणि ते वाक्य पुढच्या खंडात पुरं होतं.

या गमतीच्या मागे हिशेब आहे. पुस्तक वाचताना मला त्यात तीन घड्याळं चालताना दिसली: जगण्याचं, लिहिण्याचं आणि वाचण्याचं. एरवी कादंबरीकार यातलं पहिलंच दाखवतो आणि दुसरी दोन लपवतो. स्टर्न तिन्ही टेबलावर मांडतो. एके ठिकाणी तो सांगतो, की नोकराला डॉक्टर आणायला पाठवलं त्याला वाचकाच्या हिशेबाने दीड तास झाला, तेव्हा डॉक्टर आला तर नवल नको. मग एखादा टीकाकार लंबक हातात घेऊन येईल आणि प्रत्यक्षात दोन मिनिटं तेरा सेकंदच गेले असं सिद्ध करील, हेही तोच सांगून टाकतो. चौथ्या खंडात तर तो हिशेबाला बसतो. वर्षभर लिहिलं, चौथा खंड निम्मा झाला, आणि आयुष्य अजून पहिल्या दिवसापुढे सरकलं नाही. म्हणजे लिहायला बसलो त्यापेक्षा आता ३६४ दिवस जास्तच सांगायचे राहिले! जगणं पळतंय आणि लेखणी मागे मागे राहतेय.

मी हे वाचलं तेव्हा हसले, आणि मग हसू थांबलं. निरोगी माणसाने केलेला हा विनोद आणि रक्ताची उलटी होणाऱ्या माणसाने केलेला हाच विनोद, यात फरक आहे. तब्येतीने साथ दिली तर वर्षाला दोन याप्रमाणे चाळीस वर्षं खंड काढीन, असं तो पहिल्याच खंडात म्हणतो. प्रत्यक्षात त्याच्या हातात आठच वर्षं होती.

पहिले दोन खंड त्याने आधी लंडनच्या डॉड्स्ली या प्रकाशकाला ५० पौंडांत देऊ केले होते. त्याला ते महाग वाटले. मग स्टर्नने उसनवारी करून ते यॉर्कमध्ये डिसेंबर १७५९ मध्ये स्वतःच छापले. नव्या वर्षात लंडनमध्ये पुस्तकावर उड्या पडल्या आणि त्याच डॉड्स्लीने हक्कांसाठी २५० पौंड मोजले. खेड्यातला पाळक रातोरात राजधानीचा लाडका झाला. जोशुआ रेनॉल्ड्सने त्याचं चित्र काढलं. त्याच वर्षी कॉक्सवोल्ड गावचं चर्च त्याला मिळालं. तिथल्या त्याच्या घराला शँडी हॉल हे नाव पडलं, ते आजही आहे. कादंबरीत यॉरिक नावाचा एक गरीब, थट्टेखोर पाळक पहिल्याच खंडात मरतो आणि त्याच्या मृत्यूपाशी पान दोन्ही बाजूंनी पूर्ण काळं छापलेलं आहे. स्टर्नने आपली खरी प्रवचनंही याच मेलेल्या यॉरिकच्या नावावर छापली. सभ्य लोकांनी नाकं मुरडली, प्रवचनं खपली.

इथे मला थोडं थांबलं पाहिजे. मी कॅथलिक आहे, आणि या पुस्तकात आपल्या चर्चची यथेच्छ टिंगल आहे. ट्रिस्ट्रमचं नाक चेपणारा डॉक्टर स्लॉप कॅथलिक, म्हणून प्रत्येकाने त्याला टपली मारायची. पोटातल्या बाळाला पिचकारीने स्नानसंस्कार देता येईल का यावर पॅरिसच्या धर्मपंडितांनी केलेला काथ्याकूट यात आहे, आणि बहिष्काराचा एक लांबलचक शाप तर पूर्ण वाचून दाखवला आहे. काही ठिकाणी मला राग आला. नंतर दुसऱ्या खंडातला एक प्रसंग वाचला आणि रागाचं काय करावं ते कळेना.

टोबींचा नोकर ट्रिम एका पुस्तकात सापडलेलं प्रवचन मोठ्याने वाचतो. विषय सदसद्विवेकबुद्धी. स्टर्नने स्वतः १७५० साली यॉर्कमध्ये दिलेलं हे खरं प्रवचन. त्यात इन्क्विझिशनच्या कैद्याचं वर्णन येतं, आणि ट्रिमला वाचवेना. त्याचा भाऊ टॉम चौदा वर्षं लिस्बनच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत आहे. हा इतिहास नाही, हे नुसतं प्रवचन आहे, असं घरमालक त्याला समजावतात. ट्रिम ऐकून घेतो, आणि तरी रडतो. मित्राच्या आक्षेपाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. हे लिहिलेलं आहे, बनवलेलं आहे, असं पुस्तक स्वतःच उघड सांगतं. आणि ऐकणाऱ्याचा भाऊ आत असेल तर त्याला त्याने काही फरक पडत नाही. हे छापलं गेलं तेव्हा गोव्यातलं इन्क्विझिशनही चालूच होतं. १५६० मध्ये सुरू झालेलं ते कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. आमचे पूर्वज गोव्यातून घाट चढून खानापूर-बेळगावकडे आले. का आले, हे घरात प्रत्येक म्हातारं माणूस वेगळं सांगतं आणि मध्येच विषय बदलतं. ती पाल्हाळं आता मी पूर्वीपेक्षा लक्ष देऊन ऐकते.

त्याच टॉमच्या गोष्टीत पुढे, नवव्या खंडात, लिस्बनच्या एका सॉसेजच्या दुकानात बसलेली कृष्णवर्णीय मुलगी येते. काठीला पिसं बांधून ती माश्या हाकलते, मारत मात्र नाही. १७६६ साली इग्नेशियस सँचो या वाचकाने स्टर्नला पत्र लिहिलं होतं. तो गुलामांच्या जहाजावर जन्मलेला आणि तेव्हा एका ड्यूकच्या घरी नोकरीला होता. गुलामगिरीबद्दल लिहा, एवढीच त्याची विनंती. स्टर्नने मनापासून उत्तर दिलं, आणि अशाच एका मुलीची गोष्ट आपण नुकतीच लिहीत होतो असंही कळवलं. खंड टप्प्याटप्प्याने निघत असल्यामुळे वाचकाचा आवाज चालू पुस्तकापर्यंत पोचू शकत होता. वाचकाशी बोलणं ही स्टर्नसाठी नुसती लकब नव्हती.

१७६२ च्या जानेवारीत तब्येत इतकी ढासळली की हवापालटासाठी फ्रान्स गाठावं लागलं. पॅरिस, तूलूझ, माँपेलिए. यातून सातवा खंड आला. त्यात मृत्यू दारावर येऊन थाप मारतो आणि ट्रिस्ट्रम घोडागाडी पकडून फ्रान्सभर पळत सुटतो. या खंडातलं एक पान मला काळाबद्दल लिहिलेलं सगळ्यात सुंदर पान वाटतं. ट्रिस्ट्रम एकाच वेळी तीन ठिकाणी आहे. पूर्वीच्या एका प्रवासात वडील आणि काकांबरोबर तो ओसेर गावचा बाजार ओलांडतोय. आताच्या प्रवासात मोडक्या गाडीतून लिऑं शहरात शिरतोय. आणि हे सगळं लिहिताना गारोन नदीकाठच्या एका मंडपात बसलाय. तीन वयं, तीन गावं, एक माणूस. मृत्यूने एका पत्त्यावर गाठलं तरी दुसऱ्या दोन पत्त्यांवर आपण असू, अशी ही सोय.

मात्र या माणसाला मी संत करणार नाही. ज्या वर्षी त्याने हे हसरं पुस्तक लिहायला घेतलं त्याच वर्षी त्याच्या बायकोचं मानसिक संतुलन बिघडलं होतं, आणि त्याच काळात तो यॉर्कमधल्या एका गायिकेला लाडिक पत्रं लिहीत होता. पुढे बायको आणि मुलगी फ्रान्समध्येच राहिल्या, तो एकटा परतला. तो गेल्यावर त्यांच्या वाट्याला कर्ज आलं आणि मित्रांना वर्गणी काढावी लागली. मुलगी लिडियाने १७७२ मध्ये फ्रान्समध्ये आल्बी इथे एका फ्रेंच माणसाशी लग्न केलं आणि त्यासाठी ती कॅथलिक झाली. बापाने ज्यांची इतकी चेष्टा केली त्यांच्यातच लेक गेली. पाल्हाळात रमणाऱ्या माणसाच्या घरी सरळ रेषेतली कामं दुसऱ्या कुणाला तरी करावी लागतात. पुस्तकात याची नोंद नाही.

शेवटच्या वर्षात त्याच्या आयुष्याचा धागा आपल्या मुंबईला येऊन मिळतो. १७६७ च्या सुरुवातीला लंडनमध्ये कमोडोर विल्यम जेम्स यांच्या घरी त्याला एलायझा ड्रेपर भेटली. हे जेम्स म्हणजे १७५५ साली आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेणारेच जेम्स. एलायझा केरळच्या किनाऱ्यावर अंजेंगोत जन्मलेली. चौदाव्या वर्षी मुंबईत कंपनीच्या डॅनियल ड्रेपरशी तिचं लग्न झालं, तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा. आता ती बावीस-तेवीसची, स्टर्न त्रेपन्न वर्षांचा आणि अंथरुणाला खिळत चाललेला. एप्रिलमध्ये नवऱ्याकडे परतण्यासाठी ती जहाजात बसली. स्टर्नने तिच्यासाठी रोजनिशी लिहायला घेतली. आज किती रक्त काढलं, कोण भेटायला आलं, तुझं चित्र समोर ठेवून जेवलो, असं रोज. जहाज दररोज दूर जातंय, मुंबईला पोचायला कित्येक महिने, आणि तो मात्र ती समोरच बसलीय असं आजच्या तारखेत लिहितोय. लिहिण्याचं आणि वाचण्याचं घड्याळ इतकं लांब गेलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. ही रोजनिशी १९०४ साली छापून लोकांसमोर आली, म्हणजे १३७ वर्षांनी.

एलायझाचं काय झालं हेही सांगायला हवं, कारण बहुतेक जण तिला स्टर्नच्या गोष्टीतच सोडून देतात. जानेवारी १७७३ मध्ये एका रात्री तिने मुंबईत माझगावचं नवऱ्याचं घर सोडलं आणि एका आरमारी अधिकाऱ्याबरोबर निघून गेली. खिडकीतून दोराने उतरली अशी आख्यायिका आहे. १७७८ मध्ये ब्रिस्टलला ती वारली, वय ३४.

स्टर्न त्याच्या दहा वर्षं आधीच गेला होता. अ सेन्टिमेन्टल जर्नी हे त्याचं पुस्तक फेब्रुवारी १७६८ च्या शेवटी आलं. त्याच्या नावात फ्रान्स आणि इटली असे दोन देश आहेत, पण गोष्ट इटलीला पोचतच नाही. शेवटचं वाक्यही अर्धवट आहे. सांगणारा पुन्हा तोच यॉरिक. तीन आठवड्यांनी, १८ मार्च १७६८ रोजी, लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवरच्या भाड्याच्या खोलीत स्टर्नने प्राण सोडला. घरचं कुणी जवळ नव्हतं. पुढची हकीकत अशी सांगतात, की प्रेतचोरांनी त्याचं शव उकरून केंब्रिजला शरीरशास्त्राच्या वर्गाला विकलं, तिथे कुणीतरी चेहरा ओळखला आणि ते गुपचूप परत पुरलं. १९६९ मध्ये त्या दफनभूमीवर बांधकाम निघालं तेव्हा त्याच्या संगमरवरी पुतळ्याशी मापं ताडून एक कवटी निवडली गेली आणि ती कॉक्सवोल्डला नेऊन पुरली. मरणानंतर २०१ वर्षांनी तो आपल्या गावच्या चर्चशेजारी आला.

आता बैठकीतल्या मुद्द्याकडे. कथनाबद्दल बोलणारी कादंबरी स्टर्नने शोधली नाही. त्याचा गुरू सर्व्हान्टिस. डॉन किहोतेचा पहिला भाग १६०५ चा. त्यात ऐन लढाईत, तलवारी वर उचललेल्या असताना, लेखक सांगतो की माझ्याकडची कागदपत्रं इथेच संपली. पुढची हकीकत तोलेदोच्या बाजारात रद्दीत सापडते. १६१४ मध्ये दुसऱ्याच कुणीतरी खोटा दुसरा भाग काढला. १६१५ च्या खऱ्या दुसऱ्या भागात किहोतेच्या कानावर ते जातं आणि खोट्या पुस्तकाला खोटं पाडण्यासाठी तो सारागोसाची वाट सोडून बार्सिलोनाला जातो. शेवटी सर्व्हान्टिस त्याला मारतो, म्हणजे पुन्हा कुणी त्याची गोष्ट पळवायला नको. वर्ष व्हायच्या आत सर्व्हान्टिस स्वतः गेला.

दुसरं टोक ब्राझीलचं. १८८१ मध्ये रिओच्या माशादो द अस्सिसने पोर्तुगीजमध्ये ब्राझ कुबासच्या आठवणी लिहिल्या. याचा आजा-आजी एके काळी गुलाम होते. यातला निवेदक आधीच मेलेला आहे आणि थडग्यापलीकडून निवांत बोलतो. आपण स्टर्नकडून काय घेतलं हे तो सुरुवातीलाच कबूल करतो. त्याला कसली घाई नाही, कारण त्याचं घड्याळ बंद पडलंय. म्हणून त्याला आपलं आणि आपल्या वर्गाचं निर्दय, आळशी आयुष्य न लाजता सांगता येतं.

तिघे तीन शतकांतले, आणि तिघांनी गोष्ट मोडली ती मरणाशी हिशेब करताना. सर्व्हान्टिसने मरणाचं कुलूप घालून गोष्ट राखली. माशादोने मरणाच्या पलीकडून सुरुवात केली. स्टर्न मधल्या जागी, दार लोटून धरून उभा राहिला. त्याच्या नवव्या खंडाचा शेवटचा प्रसंग ट्रिस्ट्रमच्या जन्माच्याही काही वर्षं आधीचा आहे, आणि पुस्तकातलं अगदी शेवटचं वाक्य बोलतो तो यॉरिक, पहिल्या खंडात काळ्या पानाखाली पुरलेला. पानं सरळ क्रमाने लावली असती तर यॉरिकला शेवटचा शब्द मिळाला नसता. २ नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, आमचे फादर गेलेल्यांची नावं वाचतात, आणि तेवढा वेळ आजोबांचं नाव वर्तमानकाळात येतं. स्टर्नने पुस्तकात केलं ते याच्या फार दूर नाही.

१७७६ मध्ये डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी हे विचित्र पुस्तक टिकलं नाही असा निकाल देऊन टाकला होता. १९२१ मध्ये रशियन समीक्षक श्क्लोव्हस्कीने उलट मांडलं, की जगातली सगळ्यात नमुनेदार कादंबरी हीच. त्या दोघांमधला वाद मिटवण्याइतकी मी मोठी नाही. मला एवढंच म्हणायचंय, की खेळ आणि कळकळ यात निवड करायची गरज नाही. काही माणसांना कळकळ खेळातूनच सांगता येते, कारण सरळ सांगायला बसलं की खोकला येतो.

सहाव्या खंडात एक पान कोरं आहे. टोबींच्या प्रेमातल्या विधवा वाडमनचं चित्र वाचकाने आपल्या मनासारखं काढून घ्यावं म्हणून स्टर्नने ते मोकळं सोडलंय. ताईच्या प्रतीत ते कोरंच होतं. माझा कोर्स संपला त्या दिवशी मी त्यावर चित्र काढलं नाही. पेन्सिलने दोन तारखा लिहिल्या, गोळ्या सुरू झाल्याची आणि संपल्याची, आणि खाली बरीच जागा सोडली. पुढच्या बैठकीला पुस्तक घेऊन येईन. माझ्या त्या मित्राला काही लिहायचं असेल तर पेन्सिल माझ्याकडे आहे.